सगळेच दिवे एकदम

सिस्टर रिटायर होऊन सात आठवडे झाले होते, पण ही बातमी अजून तिच्या कानांपर्यंत पोचली नव्हती. कुठेही काही टुणटुणलं की ती उठायची. शेजारचा मायक्रोवेव्ह, खालच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन, गल्लीत उलटा येणारा एखादा टेम्पो, तिला काहीही पुरायचं. जेवता जेवता हातातला घास ताटात ठेवून ती अर्धी उभी राहायची आणि नवऱ्याचा चेहरा बघून पुन्हा बसायची. एकतीस वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

अख्खी कॉलनी तिला सिस्टरच म्हणायची. नवराही चिडला की म्हणायचा, "बरं सिस्टर, आता माझा बीपी घ्यायचाय का?" हा नवरा आयुष्यभर एका ऑफिसात नकाशे काढत बसलेला माणूस. रेघ सरळ येईपर्यंत श्वास रोखून धरायची त्याला सवय. घरात एकीच्या पायाला भिंगरी आणि दुसऱ्याच्या बुडाला डिंक, असा हा संसार पस्तीस वर्षं टिकला. त्याचं श्रेय लोक तिच्या नाइट ड्यूटीला द्यायचे.

तिला सिस्टर न म्हणणारं माणूस जगात एकच होतं, तिची थोरली बहीण. ताईच्या लेखी ती बारकी. अठ्ठावन्न वर्षांची झाली, केस पांढरे झाले, हाताखाली दोन पिढ्यांच्या नर्सेस तयार झाल्या, तरी बारकीच. आई लवकर गेली तेव्हा बारकीच्या वेण्या ताईने घातल्या, नर्सिंगचा फॉर्म ताईने भरला, आणि बस डेपोमागच्या मैदानात तिला गाडी चालवायलाही ताईनेच शिकवलं. गाडी शिकवताना ताई एकच वाक्य सारखं बोलायची, "घाई कुणाला आहे?" घाई बारकीला होती. तिला ती जन्मापासूनच होती.

दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, डोकं तर पहिल्यापेक्षा तल्लख झालं. फक्त उजवा हात गेल्यासारखा झाला आणि पाय ओढत चालावं लागू लागलं. ताईने लग्न केलं नव्हतं, ती एकटीच राहायची. सिस्टरच्या ड्यूट्या तीन पाळ्यांच्या. तेव्हा अडीच तासांवरच्या एका गावातल्या केअर सेंटरमध्ये ताईला ठेवलं. व्यायाम करून घेणारे लोक तिथे चांगले होते. ताईची निळी गाडी सिस्टरकडे आली आणि किल्लीबरोबर तिने शब्द दिला, "रिटायर झाले की तुला घरी नेते."

त्या शब्दाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मागच्या वर्षी ताईला आठवडाभर घरी आणायचं ठरलं होतं. ऐन सकाळी जोडीची नर्स आली नाही, सिस्टरला डबल ड्यूटी लागली, म्हणून तिने टॅक्सी पाठवली. ड्रायव्हर नावाची चिठ्ठी धरून फाटकाशी उभा राहिला. ताईने विचारलं, "बारकी कुठे आहे?" ते त्याला काय माहीत? ताई टॅक्सीत बसली नाही. टॅक्सी रिकामी परत गेली आणि ताई फाटकाजवळच्या बाकावर, मांडीवर बॅग घेऊन, रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत बसून राहिली. हे तिथल्या आयाबाईने सिस्टरला फोनवर सहज सांगितलं. ताईने एका शब्दाने सांगितलं नाही. ती भांडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्यांदा, रिटायर झाल्यावर पहिल्याच शनिवारी जायचं ठरलं, तर नवऱ्याला सणकून ताप भरला. तेव्हाही ताईची बॅग भरून तयार होती म्हणे. मग हा शनिवार ठरला. केअर सेंटरचं ऑफिस शनिवारी चारला बंद होतं आणि वॉर्डनच्या सहीशिवाय कुणाला बाहेर सोडत नाहीत. फोनवर वॉर्डनबाई म्हणाल्या, "या तुम्ही. पण आता त्या विचारतसुद्धा नाहीत हं, तुम्ही येणार का म्हणून." हे वाक्य सिस्टरच्या डोक्यात चार दिवस काट्यासारखं रुतून होतं.

आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टकटक. सात आठवडे जागची हलली नव्हती, बॅटरी मेली होती. नेहमीच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, सोमवारशिवाय जमणार नाही." बॅटरीच्या दुकानातला फिटर सुटीवर होता. सिस्टर म्हणाली, "बॅटरी द्या, मी बसवते." दुकानदाराने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती बॅटरी तिने स्वतःच उचलून रिक्षात ठेवली.

"अगं, येतं का तुला ते?" नवऱ्याने विचारलं.

"पेसमेकर बदलताना मी टेबलापाशी उभी राहिलेय. तिथे तर आत माणूस होता."

शनिवारी सकाळी आठ वाजता तिने काम काढलं. बॉनेटच्या कडेवर स्वच्छ टॉवेल अंथरला, त्यावर पाने ओळीने मांडले, नट ठेवायला स्टीलचा ट्रे घेतला, हातमोजे चढवले. एका कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, "काढताना आधी काळी, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी," आणि तो कागद कपड्याच्या चिमट्याने समोर लावला. मध्ये लोंबणाऱ्या वायरी पांढऱ्या टेपने बाजूला चिकटवल्या, जुनी बॅटरी बाहेर काढली, नवी बसवली, नट आवळले, वरून पुसून घेतलं. पाऊण तासात खेळ खलास. बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिने मान वर करून पाहिलं, आणि ते पाहणं नम्रपणाचं मुळीच नव्हतं.

किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आणि डॅशबोर्डवर सात दिवे लागले.

तिने मोजले. बॅटरीचा लाल, इंजिनाचा पिवळा, स्टिअरिंगचा, ब्रेकचा, गाडी घसरल्यासारखी दाखवणारा, आणखी दोन कसले कोण जाणे. शिवाय टुणटुण. आयसीयूत एवढे दिवे एकदम लागले असते तर आतापर्यंत चार माणसं धावली असती. इथे नवरा तेवढा खाली आला.

"सगळे दिवे लागले म्हणजे चांगलंच ना? करंट पोचला सगळीकडे."

"तुम्ही वर जा बरं आधी," ती म्हणाली.

बंद केली, चालू केली. सात. पुन्हा बंद केली, वीसपर्यंत अंक मोजले, चालू केली. सातच. तिने पुढचा खण उघडून गाडीचं पुस्तक काढलं. पुस्तकाने शांतपणे सांगितलं की बॅटरी काढली की गाडी काही गोष्टी विसरते. स्टिअरिंगचा मध्य कुठला, खिडकीची काच कुठपर्यंत वर जाते, किती वाजले, हे तिला पुन्हा शिकवावं लागतं. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा डावीकडे शेवटपर्यंत, एकदा उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचं, मग सरळ धरून थोडं अंतर जायचं. सिस्टरने फिरवलं. चाकांनी फरशीवर किरकिर केली, मांजर कुंडीमागे पळालं, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. कॉलनीच्या फाटकापर्यंत गाडी सरळ नेली आणि मागे आणली. तीन दिवे गेले.

चार राहिले. साडेनऊ वाजले होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे विमेवाले बाल्कनीत आले. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण शेकडो गाड्यांचे विमे उतरवले असल्यामुळे गाड्यांच्या मरणाबद्दल त्यांना बरंच ठाऊक होतं. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांची बाल्कनी सोयीची होती.

"सिस्टर, काळी वायर काढून ठेवा दहा मिनिटं. मोबाइल अडला की आपण काय करतो? बंद करून चालू करतो. तसंच हे. कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि सुधारतो."

एरवी तिने असल्या सल्ल्याला "बघते हं" म्हणून वाटेला लावलं असतं. पण माणूस हवालदिल झाला की अकलेआधी कान उघडतात. तिने काळी वायर काढली, घड्याळ लावून दहा मिनिटं उभी राहिली. त्या दहा मिनिटांत तिने टॉवेलाची घडी दोनदा घातली आणि दोनदा मोडली. पुन्हा वायर लावली, किल्ली फिरवली. गेलेले तिन्ही दिवे परत आले, आणि डावीकडची काच अर्ध्यावर येऊन अडकली. विमेवाले म्हणाले, "असं व्हायला नको होतं," आणि आत निघून गेले. रोगापेक्षा औषध भारी पडलं.

मिस्त्रीला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला नाही, तिसऱ्यांदा त्याने तोंडात काहीतरी धरून "हॅलो" म्हटलं.

"मॅडम, तुम्ही कशाला हात लावलात?"

"ते झालं. आता काय करू सांगा."

"स्कॅनर लावल्याशिवाय मी काय सांगणार? एक लक्षात ठेवा. पिवळा दिवा असेल तर सावकाश चालवा. लाल असेल तर हलवू नका. अधेमधे बंद पडली तर तुम्ही बसाल रस्त्यात. सोमवारी आणा."

लाल होता. बॅटरीचा, चांगला ठसठशीत. ती पुन्हा बॉनेटपाशी गेली. नट हलवून पाहिले, घट्ट होते. लाल पकड हलवली, हलली नाही. काळी हलवली, हलली नाही. सगळं कसं जिथल्या तिथे, पुसलेलं, टेप लावलेलं. इतकं नीटनेटकं काम तिने वॉर्डात पाहिलं असतं तर त्या पोरीला शाबासकी दिली असती. मग बिघडलं कुठे? नवी बॅटरीच खराब निघाली असेल? की आपल्या हातून आत काही जळलं? गाडी ताईची होती. ताईने ती नऊ वर्षं अशी चालवली की दारावर एक ओरखडा नव्हता.

साडेअकरा झाले. नवरा पुन्हा खाली आला. या वेळी त्याने पायात बूट घातले होते.

"मी टॅक्सी सांगतो. आपण दोघं जाऊ. तू बरोबर असलीस की बसेल ती."

"नाही बसणार."

"अगं, तेव्हा तू नव्हतीस. आता आहेस ना?"

"मी तिला सांगितलंय, तुझ्या गाडीतून नेते म्हणून. फाटकाशी टॅक्सी दिसली की ती पहिल्यांदा टॅक्सीच बघणार. मला नंतर." तिचा आवाज चढला. "तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला कुणी बाकावर बसवून ठेवलेलं नाही."

नवऱ्याने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, हे त्याचं भांडण. मग म्हणाला, "एक वाजेपर्यंत निघालो नाही तर टॅक्सीनेसुद्धा चारला पोचणार नाही आपण. मग टॅक्सीवर रुसून तरी काय उपयोग?"

हे खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा तिला त्या क्षणी फार राग आला. ती फाटकापर्यंत गेली, परत आली. गाडीभोवती एक फेरी मारली. चाकाला लाथ मारावी असं वाटलं, पण चाकाचा काय दोष? पायरीवर बसली, उठली, पुन्हा बसली. डोळ्यांपुढे तो बाक येत होता. ताई डाव्या हाताने बॅगेचा बंद धरून बसलीय, रस्त्यावरून एकेक गाडी जातेय, आणि ताई मान वळवून बघतेय. मग काही वेळाने बघायचं सोडून देतेय. सिस्टरने एकतीस वर्षांत मरणं पुष्कळ पाहिली होती, पण या चित्रासारखं काही तिच्या अंगावर आलं नव्हतं.

सव्वाबाराला ती म्हणाली, "सांगा टॅक्सी." नवरा फोन आणायला वर गेला.

हरली तरी पसारा टाकून जाईल ती सिस्टर कसली! तिने पाने गोळा केले, ट्रे पुसला, चिमटा काढून कागदाची घडी घातली. आणि हात आपसूक टेपकडे गेला. डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटच्या अंगावर टेप ठेवून त्याला घरी पाठवायचं नाही, हा तिचा वॉर्डातला नियम होता. त्यावरून तिने कितीतरी पोरींना रडवलं होतं. टेप लावताना तिचं एक टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे काढताना नखांनी खरवडावं लागत नाही, हाही तिचाच नियम. बॅटरीच्या मागच्या बाजूला हात घातल्यावर ते दुमडलेलं टोक बोटाला बरोबर लागलं. तिने हलक्या हाताने ओढलं.

टेप निघाली आणि एक बारीक वायर तिच्या तळहातावर पडली. वायरीच्या टोकाला प्लॅस्टिकचं छोटं तोंड होतं. ते कशातच घातलेलं नव्हतं.

ती बघतच राहिली. मग काळ्या पकडीच्या खालून बोट फिरवलं. तिथे त्याच मापाची एक रिकामी खाच होती. सकाळी जुनी बॅटरी काढताना वायर मध्ये येते म्हणून हिनेच ती सोडवली होती, आणि सलाइनची नळी मनगटाला चिकटवतात तशी छान बाजूला चिकटवून ठेवली होती. पुन्हा लावायची राहिली. त्यानंतर चार वेळा तिने बॉनेट उघडून पाहिलं, आणि चारही वेळा ती पांढरी टेप दिसली. टेप नीट लावलेली दिसली की त्या जागेचं काम झालेलं असतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. त्यामुळे नजर दर वेळी तिथून पुढे सरकली. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणी तिथे टेप लावलीच नसती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि हीच बाई वर्षानुवर्षं नव्या पोरींना सांगत आली होती, "सगळे अलार्म एकदम वाजले तर घाबरायचं नाही. माणूस एकदम सगळीकडून मरत नाही गं. वायर निघालेली असते. मॉनिटरकडे बघत बसू नकोस, पेशंटला हात लाव." सकाळपासून ती मॉनिटरच बघत बसली होती.

वायर खाचेत घातली. टक् झालं. किल्ली फिरवली. बॅटरीचा लाल दिवा आला आणि दोन सेकंदांत गेला. स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे, फाटकापर्यंत सरळ, मागे. एकेक करून पाच दिवे विझले. इंजिनाचा एक पिवळा तेवढा राहिला. तिने मिस्त्रीला फोन केला आणि चक्क पहिल्याच घंटेला त्याने उचलला. "पिवळा ना? जा बिनधास्त," तो म्हणाला. "दोन-तीनदा बंद-चालू झाली की जाईल आपोआप."

नवरा फोन कानाला लावूनच खाली आला. "टॅक्सी अर्ध्या तासाने... काय झालं?"

"नका सांगू. चालू झाली."

"काय होतं गं?"

"एक वायर," ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं. "तुम्ही थांबा घरी. तिच्या खोलीतला पंखा पुसायचा राहिलाय."

गावाबाहेर पडेपर्यंत ती रस्त्यापेक्षा पिवळ्या दिव्याकडेच जास्त बघत होती. पेट्रोल पंपावर थांबली, गाडी बंद केली, चालू केली. दिवा तसाच. पुढे रेल्वे फाटक लागलं, तिथे पुन्हा बंद केली. फाटकाशी थांबली त्या पंधरा मिनिटांत तिने स्टिअरिंगवर बोटांनी तबला वाजवला. मागच्या ट्रकवाल्यालाही तो ऐकू गेला असावा, कारण त्याने उगाच हॉर्न दिला. फाटक उघडलं, किल्ली फिरवली, आणि दिवा नव्हता. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. आता दिव्याची काळजी उरली नाही, तेव्हा दुसरं जे होतं ते वर आलं.

ती टेप डोळ्यांपुढून हलत नव्हती. ताईलाही तिने असंच बाजूला लावून ठेवलं होतं. छान जागा, वेळेवर औषधं, दर रविवारी फोन, वाढदिवसाला नवा स्वेटर. सगळं नीट, टोक दुमडून. आणि नीट लावलंय म्हणजे झालं, असं समजून दोन वर्षं तिथून नजर पुढे सरकत राहिली. ड्यूटी होती हे खरं. पण सुट्याही होत्या. हे तिने मनातल्या मनात कबूल केलं, आणि मग गाडीत कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानेही म्हणून टाकलं. म्हटल्याने हलकं काही वाटलं नाही.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी निळी गाडी केअर सेंटरच्या फाटकाशी आली. बाकावर कुणी नव्हतं.

सिस्टर गाडीतून उतरली ती धावतच. ऑफिसात वॉर्डनबाई घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. सही घेतली, औषधांची पिशवी घेतली, आणि लांब ओवरीतून ती ताईच्या खोलीत शिरली. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पलंगावर काही नव्हतं. बॅग उशीखाली होती, रिकामी, चपटी घडी घातलेली.

"ताई, बॅग नाही भरलीस?"

"तीनदा काय भरायची?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एका हाताने घड्या घालायला मला दोन दिवस लागतात, बारके. आणि परत काढून लावायला आणखी एक. म्हटलं, या वेळी आधी गाडी दिसू दे." तिने खिडकीकडे मान केली. खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकातली निळी गाडी. "काच अर्धी का उघडी आहे?"

रडणं सिस्टरला जमत नसे, ते ड्यूटीवर विसरून आलेल्या छत्रीसारखं कुठेतरी राहून गेलं होतं. आता ते सापडलं. तिने कपाट उघडलं आणि डोळे न पुसताच भराभर कपडे काढायला लागली.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "तू कोंबतेस. मी भरते. तू बस, आणि काचेचं काय झालं ते सांग."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसली. ताई डाव्या हाताने एकेक कपडा मांडीवर घ्यायची, हनुवटीने एक टोक धरायची, घडी घालायची, तळव्याने सपाट करायची. सिस्टरने सगळं सांगितलं. सात दिवे, विमेवाले, मिस्त्री, आणि ज्या गोष्टीबद्दल नवऱ्यालाही बोलली नव्हती ती टेप. "मीच चिकटवून ठेवली होती ताई. नीट दिसली, म्हणून वाटलं झालं. चार वेळा बघूनही दिसली नाही मला." ताई स्वेटरची बाही दुमडत होती. ती थांबली, बहिणीकडे बघितलं, आणि पुन्हा बाही दुमडायला लागली. "आज काढलीस ना," ती म्हणाली.

बॅग भरायला पन्नास मिनिटं लागली. ऑफिस बंद झालं, वॉर्डनबाई हात हलवून गेल्या, आयाबाई दोनदा डोकावून गेली. सिस्टर चार वेळा उठली आणि चार वेळा ताईने नजरेने तिला खाली बसवलं.

मग ओवरी, पायऱ्या, फाटक. ताई गाडीपाशी थांबली, दारावरून हात फिरवला, ओरखडा आहे का ते बघितलं. आत बसली. पाय आत घ्यायला वेळ लागला. सिस्टरने किल्ली फिरवली, गाडी जरा पुढे घेतली, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. टुण टुण टुण.

सगळी सकाळ एका क्षणात परत आली. मग तिने नीट पाहिलं. दिव्यात पट्टा लावलेला एक छोटा माणूस होता.

"हा कसला गं?" ताईने विचारलं.

"तो तुझा. पट्टा लावायचा राहिलाय."

ताईने डावा हात खांद्यापाशी नेला, पट्टा ओढला. अर्ध्यावर येऊन तो अडकला आणि सुटून परत गेला. तिने पुन्हा ओढला. टुणटुण चालूच होतं, आता जास्त जोरात आणि जास्त घाईने, अशा यंत्रांचं असतं तसं. सिस्टरचा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला, हवेत थांबला, आणि पुन्हा स्टिअरिंगवर गेला. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं आणि समोर बघत राहिली. पट्टा पुन्हा सुटला. ताईने श्वास घेतला, पाठ टेकली, आणि तिसऱ्यांदा, सावकाश, पट्टा पोटावरून आणला. त्याची जीभ खाचेच्या आजूबाजूला खूप वेळ चाचपडत होती. मागून एक गाडी आली आणि वळसा घालून गेली.

टक् झालं. दिवा गेला.

"चल आता," ताई म्हणाली. "घाई कुणाला होती?"

"कुणाला नाही," सिस्टर म्हणाली, आणि तिने गाडी काढली.